चतुःसीमा

चौतीस वर्षं दुसऱ्यांची शेतं मोजली.
आधी साखळी, मग टेप, मग तिपाईवरचं ते पिवळं यंत्र.
बांधावर भाऊ-भाऊ उभे, मधे मी,
चुन्याची पिशवी माझ्या हातात.
एकतीस मेला ऑफिसनं शाल दिली, नारळ दिला.
आता स्वतःसाठी दोन एकर शोधतेय
तर घोड्यांनाच विचारावं लागतं.

दोघी आहेत.
थोरली सातू, बावीस वर्षांची, पंचकल्याणी,
थंडीत उठताना गुडघे वाजतात.
धाकटी मंजुळा, चार वर्षांची,
सारंगखेड्याच्या बाजारात स्वस्त मिळाली,
कारण भोवरा नको तिथे आहे.
मोजणीवालीला कसली आलीय भोवऱ्याची भीती,
मी नकाशात नसलेल्या विहिरी पाहिल्यात.

वहिनी म्हणते, धुळ्यातच राहा, देवपुरात फ्लॅट घे,
लिफ्ट आहे.
मी विचारलं, किती किलोची?

रावेरकडे पाहिलं. पाणी आहे,
पण बांधापासून बांधापर्यंत केळी,
गवताला बसायला जागा नाही.
तापीकाठची काळी माती चैत्रात अशी भेगाळते
की मी हात घालून पाहिला, कोपरापर्यंत गेला.
तिथे सातूचा खूर अडकला तर?
तोरणमाळला गारवा. दोघींना आवडलं असतं.
पण रात्री घाट चढून डॉक्टर कोण आणणार?
घोड्याचा पोटशूळ सकाळची वाट पाहत नाही.

मग साक्रीच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ,
पवन्या गवत, एक बोअर, दोन कडुनिंब.
नाना देसल्यांचा तुकडा.
सात-बारा स्वच्छ, तरी मी तीन फेरफार उलटून पाहिले.
नाना खाटेवर विडी ओढत बघत होते.
म्हणाले, "तुन्हं वय काय शे ताई?"
अठ्ठावन्न.
"आनि ती धाकली?"
चार.
"मंग तू गयी तं तिन्हं कोन?"

इतक्या वर्षांत मला कुणी मोजलं नव्हतं.

नीट ठेवलं तर घोडं तीस वर्षं जगतं.
वजाबाकी मला येते.
पाणी, सावली, चारा, दवाखाना, ट्रक वळेल एवढा रस्ता,
सगळं वहीत होतं. हेच नव्हतं.

पुढच्या खेपेला दोघींना घेऊन गेले.
शेजारच्या झापातून वंती आली, बारा-तेरा वर्षांची,
शेळ्या तशाच सोडून. काही विचारलं नाही.
समोरून नाही, मागून नाही,
मंजुळेच्या खांद्याच्या अंगानं आली.
मला हे शिकायला दोन वर्षं लागली आणि एक लाथ.
मग तो भोवरा बोटानं गोल गोल फिरवत राहिली.
"इथं गुदगुल्या होतात हिला," म्हणाली.

तेवढ्यात सातू आडवी झाली.
घोडं उभ्यानं डुलक्या घेतं;
अंग टाकून झोपतं ते
आपल्यासाठी कुणी जागं आहे याची खात्री असेल तेव्हाच.
धुळ्याच्या शेडमध्ये सहा महिने ती आडवी झाली नव्हती.
मी घड्याळ पाहिलं. बावीस मिनिटं.
शेळ्या तोवर नानांच्या तुरीत.

खरेदीखतात चतुःसीमा लिहावी लागते.
पूर्वेस नाला, दक्षिणेस देसले यांचे शेत, पश्चिमेस गाडवाट.
उत्तरेस झाप लिहा, मी म्हटलं.
कारकून हसला,
मॅडम, झाप ही हद्द होत नाही, तुम्हीच शिकवलंत.
खरंय.
मग वनहद्द लिहा.

मुरूम कठीण आहे.
सातूसाठी जेव्हा खड्डा लागेल तेव्हा कुदळ चालणार नाही,
जेसीबीचं नानांशी बोलून ठेवलंय.
वंती दर शनिवारी येते, खरारा करायला शिकवते तिला.
शिकवते म्हणजे,
ती माझा हात बाजूला सारते
आणि मी चंदी भिजवायला जाते.